गाडीखाली कोणती फरशी?

ओळखा पाहू! घरातले सगळे तिच्यावर पाय देऊन उभे राहतात. तिच्यावर बादली आपटते, सायकल पडते, दूध सांडतं, तरी ती हूं की चूं करत नाही. कोण बरं ही?

बरोबर! फरशी.

स्वयंपाकघरातल्या फरशीला निदान रोज पुसायला कुणीतरी असतं. देवघरातल्या फरशीवर रांगोळी तरी निघते. पण घराच्या दाराशी, जिथे गाडी उभी राहते, तिथल्या फरशीचा विचार कोण करतो? फार तर घर बांधून होताना शेवटी कुणीतरी म्हणतं, "अरे, तिथं काय टाकायचं?" आणि मग जे उरलंसुरलं असेल ते टाकलं जातं.

आज याच फरशीबद्दल बोलू या. कारण कोकणातल्या एका तालुक्याच्या गावाहून सहावीतल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. ती लिहिते, "बाई, आमच्या घराखाली गाडी लावायची जागा आहे. दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब. जुना कोबा फुटला आहे. आता नवीन फरशी घालायची आहे. बाबा म्हणतात, पांढरी चकचकीत घालू. आई म्हणते, पुसायला सोपी हवी. काका म्हणतात, पेव्हर ब्लॉक टाका. आजी काहीच म्हणत नाही, पण दिवसभर तीच तिथं बसते. ती काठी घेऊन चालते. कुणाचं ऐकायचं?"

किती छान प्रश्न आहे पाहा! या पोरीने एका वाक्यात खरी गोष्ट सांगून टाकली आहे. आपण त्या जागेला 'गाडीची जागा' म्हणतो, पण गाडी तिथं फक्त उभी असते. माणसं तिथं चालतात, बसतात. पावसाळ्यात तिथंच कपडे वाळतात. उन्हाळ्यात तिथंच कोकमं फोडली जातात, फणस कापला जातो. तुम्ही तिथं गोट्या खेळता. गणपतीची आरासही कधीकधी तिथंच तयार होते. मग फरशी निवडताना फक्त गाडीला विचारून कसं चालेल?

आणि कुणाचं ऐकायचं म्हणाल, तर माझं उत्तर असं : आधी फरशीचंच ऐका! तिला प्रश्न विचारले, तर ती उत्तर देते. कसे विचारायचे, ते आता पाहू.

पहिला प्रश्न : ओली झालीस की कशी वागतेस?

दुकानात सगळ्या फरश्या कोरड्या असतात. दिव्याच्या उजेडात लखलखत असतात. पण आपल्या दाराशी ती कोरडी राहणार आहे का? पावसात भिजलेली गाडी आत आली की चाकांवरून, मडगार्डवरून पाणी गळतं. छत्र्या गळतात. चपलांबरोबर चिखल येतो. गाडी जुनी असेल तर ऑइलचा थेंबही पडतो.

गुळगुळीत फरशीवर पाणी पडलं, की तुमचं पाऊल आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो. पायाला फरशीची पकडच मिळत नाही. फरशी खरखरीत असेल, तर पाणी तिच्या खळग्यांत उतरतं आणि उंचवटे पायाला धरून ठेवतात. तुमच्या चपलेच्या तळाला आणि गाडीच्या टायरला नक्षी असते, तीही काही शोभेसाठी नाही. पाणी बाजूला सारायला असते ती!

आता एक प्रयोग करू. दुकानदाराकडून दोन-तीन तऱ्हेच्या फरश्यांचे नमुने मागून आणा. जुन्या रबरी चपलेच्या तळाचा काडेपेटीएवढा तुकडा मोठ्यांकडून कापून घ्या. त्यावर एक छोटा दगड रबरबँडने बांधा. फरशी जमिनीवर ठेवा, तिच्या एका टोकाला हा तुकडा ठेवा आणि तेच टोक हळूहळू वर उचला. तुकडा घसरायला लागला की थांबा! टोक जमिनीपासून किती सेंटीमीटर उंच आलं, ते पट्टीने मोजा. मग फरशीवर साबणाचं पाणी शिंपडा आणि पुन्हा मोजा.

ज्या फरशीवरून तुकडा कमी उंचीला निसटला, ती जास्त निसरडी. कोरडी असताना शहाणी आणि ओली झाली की दगा देणारी फरशी कोणती, हे लगेच कळेल. मोजलेले आकडे वहीत लिहा आणि बाबांना दाखवा. "मला वाटतं" यापेक्षा "मी मोजलं" हे शब्द घरात फार लवकर ऐकले जातात, बरं का!

दुसरा प्रश्न : तुला किती भार सोसतो?

सगळ्यांना वाटतं, गाडी जड, म्हणून फरशी फुटते. आता थोडं गणित करू. एक लहान मोटार माणसांसकट सुमारे १००० किलोची धरू. चार चाकांवर वाटून दिलं, तर एका चाकावर २५० किलो. टायरमध्ये हवा भरताना "तीस भरा" म्हणतात ना? म्हणजे दर चौरस इंचाला ३० पौंड. आपल्या मापात सांगायचं तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण २ किलो. मग २५० किलो पेलायला जमिनीला टेकलेला टायरचा भाग किती हवा? सुमारे १२५ चौरस सेंटीमीटर.

आता आपलं पोस्टकार्ड घ्या. ते १४ सेंटीमीटर लांब आणि ९ सेंटीमीटर रुंद असतं. गुणाकार करा. १२६! म्हणजे एवढी मोठी मोटार अवघ्या चार पोस्टकार्डांवर उभी असते. गंमत आहे की नाही?

पण खरी गंमत पुढे आहे. मोटारसायकल मोटारीपेक्षा कितीतरी हलकी. पण ती साइड स्टँडवर कललेली असते, तेव्हा त्या स्टँडचा तळ केवढा असतो? समजा, त्याचा जमिनीला टेकलेला भाग ४ चौरस सेंटीमीटर आहे आणि त्यावर ३० किलो भार आला, तर दर चौरस सेंटीमीटरला साडेसात किलो झाले! मोटारीच्या चाकापेक्षा तिपटीहून जास्त. म्हणून हलक्या दुचाकीचा स्टँडही फरशीला खड्डा पाडू शकतो. चाक बदलताना लावलेल्या जॅकचंही तसंच. त्यावर उपाय सोपा आहे. स्टँडखाली लाकडाची एक फळी ठेवा, की भार पसरतो.

आणि फरशी फुटण्याचं आणखी एक कारण असतं, ते वरून दिसत नाही. फरशीखाली सगळीकडे माल नीट भरला नसेल, तर आत पोकळी राहते. वरून चाक गेलं की फरशी त्या पोकळीत वाकू पाहते. पण फरशीला वाकता कुठे येतं? ती मोडते. म्हणून बसवलेली फरशी पक्की झाली की लाकडी काठीने ठिकठिकाणी वाजवून पाहा. भरीव जागेचा आवाज बद्द येतो, पोकळ जागेचा डबा वाजवल्यासारखा येतो. हे काम मुलांनी जरूर करावं. तुमचे कान आमच्यापेक्षा तिखट असतात!

तिसरा प्रश्न : तू काय काय पितेस?

फरशी पाणी पिते? हो! कोबा, दगड, भाजलेली फरशी या सगळ्यांत डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. नमुन्याच्या एका कोपऱ्यावर खाद्यतेलाचा एक थेंब टाका आणि सकाळी पाहा. कोब्याच्या तुकड्यात तेल जिरलेलं असेल. विट्रिफाइड फरशीवर तो थेंब बराचसा तसाच असेल, पुसला की निघून जाईल. गुजरातेतल्या मोरबीला या फरश्यांचे खूप कारखाने आहेत. खूप तापवून, दाबून या फरश्या इतक्या घट्ट करतात, की त्या आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी शोषत नाहीत. आईला पुसायला सोपी हवी ना? तिला हीच आवडेल. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर विसरू नका! विट्रिफाइड घ्यायची तर पार्किंगसाठी बनवलेली जाड, खरखरीत घ्या. दिवाणखान्यातली चकचकीत नको.

शहाबादी आणि कोटा फरशीची गोष्ट वेगळी. शहाबाद कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. कोटा आहे राजस्थानात. दोन्हीकडचा दगड चुनखडीचा आहे. त्यावर लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे येताना दिसतील. आम्ल आणि चुनखडी भेटले की कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो, त्याचे हे बुडबुडे. म्हणजे आम्ल त्या दगडाला थोडं थोडं खातं! म्हणूनच या फरशीवर संडास धुवायचं अॅसिड कधी ओतायचं नाही. गाडीच्या बॅटरीतलं आम्ल सांडलं तर तिथंही डाग पडतो. आणि बॅटरीच्या आम्लाला मुलांनी हातही लावायचा नाही. मोठ्यांना हाक मारायची.

ऑइल सांडलं तर? लगेच पाणी ओतू नका, डाग आणखी पसरतो. त्यावर लाकडाचा भुसा टाका. भुसा तेल शोषून घेतो. मग झाडून घ्या आणि त्यानंतर साबणाने घासा. हा भुसा चुलीजवळ मात्र नेऊ नका.

चौथा प्रश्न : तुझ्या खाली काय आहे?

हा प्रश्न बहुतेक सगळे विसरतात. हल्ली गाडीच्या जागेला एपॉक्सीचा चकचकीत रंग देतात, नाहीतर प्लॅस्टिकची, रबराची फरशी चिकटवतात. दिसतं सुंदर. पण जमिनीलगतच्या कोब्यातून ओल वर येत असेल, तर ती बाहेर पडायला वाट शोधते. वर रंगाचा थर असला की तो फुगतो आणि पापुद्रे निघतात. शिवाय उन्हातून आलेल्या गाडीचे तापलेले टायर कच्चा बसलेला रंग उचलून नेतात, आणि काही प्लॅस्टिकच्या फरश्यांवर टायरच्या रबराचे पिवळट डाग पडतात, ते जाता जात नाहीत.

ओल आहे की नाही, हे कसं ओळखायचं? दीड फूट लांब-रुंद असा प्लॅस्टिकचा स्वच्छ कागद घ्या. कोरड्या कोब्यावर पसरा आणि चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दुसऱ्या दिवशी उघडा. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब असतील किंवा खालचा कोबा काळसर झाला असेल, तर खालून ओल येते आहे. मग रंग आणि चिकटवायच्या फरश्या, दोघींनाही नमस्कार!

पाचवा प्रश्न : पाणी कुठे पाठवतेस?

फरशी कितीही चांगली असली, तरी पाणी तिच्यावर साचलं तर शेवाळं धरणार. आणि इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. खरखरीत फरशी चांगली, पण तिच्या खळग्यांत शेवाळं वाढलं, तर तीही गुळगुळीत फरशीइतकीच दगाबाज होते. म्हणून उतार हवा. दर मीटरला १ ते २ सेंटीमीटर पुरे. सोळा फूट म्हणजे जवळजवळ ५ मीटर. म्हणजे आतल्या टोकापेक्षा बाहेरचं टोक ५ ते १० सेंटीमीटर खाली. आणि उतार घराच्या दाराकडे नव्हे, बाहेरच्या गटाराकडे!

मिस्त्री पारदर्शक नळीत पाणी भरून उंची कशी मोजतात, ते जरूर पाहा. नळीच्या दोन्ही तोंडांत पाणी एकाच पातळीला येतं. विज्ञानाच्या पुस्तकातला धडा तुमच्या दारात चालू असतो! फरशी पक्की झाली, की एक गोटी सोडून पाहा. ती कुठे जाते, तिकडेच पाणी जाणार.

आता काकांचे पेव्हर ब्लॉक. ते वाळूवर बसवतात, सांध्यांतून थोडं पाणी खाली मुरतं आणि एखादा ब्लॉक खचला तर उचलून पुन्हा बसवता येतो. हलक्या वाहनांसाठी ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक वापरतात. अंगणात, उघड्या जागेत ते छान. पण ब्लॉक मागंपुढं खचले की उंचवटे तयार होतात. तुमच्या पायाला ते जाणवणार नाहीत. काठीच्या टोकाला मात्र जाणवतात.

तर आता पत्र लिहिणाऱ्या मुलीला माझं उत्तर.

सगळ्या जागेला एकच फरशी हवी, असं कुठे लिहिलं आहे? तुमची जागा दहा फूट रुंद आहे. त्यातली सात फूट गाडीला द्या आणि घराच्या दाराला लागून असलेली तीन फुटांची पट्टी माणसांना द्या. आधी फुटका कोबा काढून खालची भर धुम्मसने ठोकून घट्ट करायला सांगा. गाडीच्या भागात नवा कोबा घाला. तो चौकोन पाडून घाला, कारण सिमेंट वाळताना आकसतं, आणि सलग मोठा कोबा वेडावाकडा तडकतो. वरून घोटून गुळगुळीत करू नका. ओला असतानाच रेघा ओढून खरखरीत ठेवायला सांगा. नाहीतर चौकड्यांच्या सिमेंटच्या फरश्या बसवा. माणसांच्या पट्टीला पॉलिश न केलेली शहाबादी बसवा. बसायला गार, काठीला सपाट, पायाला पकड देणारी. दोन्हींच्या मध्ये पायरी मात्र ठेवू नका, अर्ध्या इंचाचीसुद्धा नको. अडखळायला तेवढी पुरते.

हिशेब तूच कर. सात गुणिले सोळा म्हणजे ११२ चौरस फूट. एक फुटाच्या चौकोनी फरश्या घेतल्या तर ११२ लागतील. कापण्यात आणि फुटण्यात दहा टक्के जातात असं धर. म्हणजे आणखी ११ ते १२. दुकानात १२४ सांग. दोन-चार उरल्या तर जपून ठेव. पुढे एखादी फुटली तर त्याच रंगाची मिळेलच असं नाही.

आणि गाडी आत घ्यायची घाई नको! कोब्याला निदान ७ दिवस पाणी मारायचं, ओला ठेवायचा. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी एकजीव होऊन घट्ट होतं. पुरती ताकद यायला २८ दिवस धरतात. तेवढे दिवस गाडी बाहेर उभी राहिली, तर काही बिघडत नाही.

बाबांची पांढरी चकचकीत फरशी? ती घरात, जिथं पाणी येत नाही तिथं घाला. तिचीही हौस होईल. आईला सांग, खरखरीत फरशी पुसायची नसते, खराट्याने घासून धुवायची असते. आणि हे काम आईचं एकटीचं नाही. पावसाळ्यात दर रविवारी घरातल्या सगळ्यांनी पाळी लावून घ्यावी. बाबांनीसुद्धा!

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. आजी काहीच म्हणत नाही, असं तू लिहिलंस. तिला विचार. नमुन्याच्या फरश्या तिच्यापुढे जमिनीवर मांड आणि म्हण, "आजी, काठी टेकवून पाहा, कोणती बरी वाटते?" तरुण माणूस घसरला तर हसत उठतो. म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं, तर अख्खं घर अंथरुणाजवळ बसतं. जी व्यक्ती त्या जागेत सर्वांत जास्त वेळ असते आणि जिला पडण्याचा सर्वांत जास्त धोका असतो, तिचं मत आधी. रंगाचं आणि चकाकीचं मत सगळ्यांत शेवटी.

पालकहो, दोन शब्द तुमच्याशीही. घराचं काम निघालं की मुलांना "मध्ये येऊ नका" असं आपण सहज म्हणतो. सिमेंटपासून, कापायच्या मशीनपासून त्यांना लांब ठेवायलाच हवं. ओल्या सिमेंटने कातडी भाजते. पण मोजमाप, हिशेब, नमुन्यांची परीक्षा ही कामं त्यांच्यावर सोपवा. क्षेत्रफळ, घर्षण, पाण्याची पातळी, आम्ल हे सगळे धडे एका फरशीत बसले आहेत. आणि आजीला विचारूनच ठरवायचं, हा धडा कुठल्याच पुस्तकात नाही. तो घरातच शिकवावा लागतो.

मुलांनो, आता या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या घराच्या दाराशी जी फरशी आहे, तिला हे पाच प्रश्न विचारा. ओली झालीस की कशी वागतेस? किती भार सोसतो? काय पितेस? खाली काय आहे? पाणी कुठे पाठवतेस? फ्लॅटमध्ये राहत असाल तर खालच्या पार्किंगला विचारा. गावी असाल तर ओटीला, पडवीला विचारा. उत्तरं पोस्टकार्डावर लिहून पाठवा. आणि हो, लिहायच्या आधी ते पोस्टकार्ड क्षणभर हातात धरून पाहा. एवढ्याशा जागेवर २५० किलो!